शेगडा, सांडस आणि चपडा : बारीक धातुकामातील धरण्याच्या साधनांचा इतिहास

धातुकामाच्या इतिहासावरील ग्रंथ चाळले असता त्यांत वितळवणाऱ्या, ठोकणाऱ्या आणि कापणाऱ्या साधनांना मानाचे स्थान मिळालेले दिसते. भाता, मूस, ऐरण, हातोडा, छिन्नी, कानस यांची वर्णने सविस्तर येतात. काम धरून ठेवणारे साधन मात्र एखाद्या वाक्यात उरकले जाते. वस्तुतः कानस चालवताना एक हात मुठीवर असतो आणि दुसरा पात्याच्या टोकावर. दोन्ही हात असे गुंतलेले असताना घासावयाचा तुकडा कोणी धरावयाचा? तुकडा करंगळीच्या नखाएवढा असेल, तर हा प्रश्न अधिकच अवघड होतो. या तिसऱ्या हाताच्या शोधात निरनिराळ्या समाजांतील कारागिरांनी कोणते मार्ग काढले आणि त्या मार्गांवरून त्यांच्या कसबाचे मूल्यमापन कसे केले गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्दांविषयी. ज्या साधनाला इंग्रजीत ‘व्हाइस’ म्हणतात, त्याला मराठी तांत्रिक लेखनात ‘शेगडा’ हा शब्द आहे. कारखान्यात मात्र तो क्वचितच कानी पडतो. तेथे ‘वाईस’ किंवा ‘बेंच वाईस’ हेच चालते. हिंदी भाषक कारागीर ‘बाँक’ म्हणतात, तर ‘शिकंजा’ हा फारसीतून आलेला शब्द यंत्रणेपेक्षा यातनेची आठवण अधिक करून देतो; मराठी वृत्तपत्रांत शिकंजा कसला जातो तो गुन्हेगारांभोवती. याउलट ‘सांडस’ आणि ‘सांडशी’ हे शब्द सरळ संस्कृत ‘संदंश’ शब्दापासून आलेले आहेत. संदंश म्हणजे दोन बाजूंनी चावून धरणे. दात आणि जबडा यांची ही कल्पना शेगड्याच्या जबड्यापर्यंत टिकून राहिली आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शल्यकर्मासाठी १०१ यंत्रे सांगितली आहेत. त्यांतील संदंशयंत्रे दोन असून दोहोंची लांबी १६ अंगुळे आहे. एक ‘सनिग्रह’ आणि दुसरे ‘अनिग्रह’. निग्रह म्हणजे आवरून धरणे. पकड हाताच्या सततच्या दाबावर अवलंबून आहे, की ती साधनातच आवरलेली आहे, हा धरण्याच्या सर्व साधनांतील मूलभूत भेद या दोन विशेषणांच्या मागे दिसतो, असे म्हणता येईल. त्याच ठिकाणी सर्व यंत्रांत हात हेच प्रधान यंत्र होय, असेही ग्रंथकार सांगतो. शल्यचिकित्सकाविषयीचे हे मत कानसकाम करणारा कोणताही जुना कारागीर मान्य करील.

सांडशी जोपर्यंत हाताने दाबून धरावी लागते, तोपर्यंत ती तिसरा हात होऊ शकत नाही; ती दुसऱ्याच हाताची लांबी वाढवते. दांड्यांवर कडे सरकवून किंवा पाचर ठोकून पकड कायम करण्याची युक्ती पुष्कळ जुनी आहे. खरा पालट झाला तो मळसूत्रामुळे. न्यूरेंबर्ग येथील मार्टिन लोफेलहोल्ट्झ याच्या १५०५ च्या सचित्र हस्तलिखितात मळसूत्राने आवळावयाच्या शेगड्यांची चित्रे आढळतात. न्यूरेंबर्ग हे कुलुपे, घड्याळे आणि शस्त्रे घडवणाऱ्यांचे शहर होते. बारीक धातुकाम जेथे एकवटले होते तेथे हे साधन इतक्या लवकर दिसावे, हे स्वाभाविक आहे.

यानंतरची दोन शतके लोहाराच्या आणि कुलूपकाराच्या कामाचा आधार होता तो पायदार शेगडा. तो ओतीव नसून घडीव लोखंडाचा असे. त्याचा एक पाय थेट जमिनीवर टेकलेला असल्यामुळे हातोड्याचा घाव बाकावर न जाता भूमीत उतरत असे. पुढचा जबडा खालच्या बिजागरीवर फिरत असल्यामुळे तो मागच्या जबड्यापासून सरळ रेषेत दूर न जाता कमानीत दूर होई. त्यामुळे जबडे एका विशिष्ट जाडीच्या तुकड्यावरच खरेखुरे समांतर राहत. पातळ तुकडा वरच्या कडेला चावला जाई, जाड तुकडा खालच्या कडेला. समांतर जबड्यांचा ओतीव शेगडा एकोणिसाव्या शतकात रूढ झाला, तेव्हा कुठे या दोषाचे निवारण झाले.

या पायदार शेगड्याच्या एका भागाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. मळसूत्र ज्या नळीत फिरते तिच्या आतील आटे कसे पाडावयाचे, हा जुन्या लोहाराचा मोठा प्रश्न होता. तो पुढीलप्रमाणे सोडवला जाई. लोखंडाची चौकोनी पट्टी मळसूत्राच्या आट्यांमध्ये गुंडाळायची, ती वेटाळी नळीत बसवायची आणि पितळेने डाक देऊन आतून जोडून टाकायची. म्हणजे आटे कापले जात नसत, ते जोडले जात. युरोपातील उत्तम शेगडे दीर्घकाळ याच रीतीने तयार होत होते.

हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण भारतीय तंत्रज्ञानाच्या इतिहासात नेमक्या याच मुद्द्यावरून एक निष्कर्ष काढला जातो. मोगलकालीन भारताच्या युरोपीय तंत्रज्ञानाशी झालेल्या संपर्काचा अभ्यास अहसान जान कैसर यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला. त्या काळाविषयीच्या अभ्यासात असे नोंदवले जाते की, सतराव्या शतकातील भारतीय कारागीर मळसूत्राचे आटे कापत नसत. खिळ्याभोवती तार गुंडाळून ती डाकाने जोडत आणि आट्यांचा आभास निर्माण करीत. कातकामाच्या योग्य यंत्राचा अभाव हे त्याचे कारण सांगितले जाते. निरीक्षण ग्राह्य आहे. बांधणीसाठी लागणाऱ्या धातूच्या स्क्रूचा प्रसार येथे उशिरा झाला, यात शंका नाही. परंतु तार जोडून आटे करण्याची रीत म्हणजे केवळ मागासलेपणाचा पुरावा, असे मानले तर त्याच काळातील इंग्रज लोहाराच्या शेगड्यालाही तोच निकष लावावा लागेल. शिवाय कापसाच्या सरकी काढण्याच्या चरकीत लाकडी मळसूत्री दाते आपल्याकडे पूर्वापार होते. मळसूत्राची कल्पना अपरिचित नव्हती. ती धातूत, बारीक प्रमाणावर आणि पकडीसाठी वापरण्याची निकड भासली नव्हती. निकड का भासली नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर येथील कारागीर काम कसे धरीत होता यात सापडते.

त्याकडे वळण्यापूर्वी लहान तुकड्यांसाठी युरोपात झालेल्या विकासाची नोंद घेणे आवश्यक आहे. लंडनच्या जोसेफ मॉक्सन याने १६७७–७८ पासून कारागिरीवर पुस्तिकामाला काढली. तीत बाकाच्या शेगड्याखेरीज हातशेगड्याचे वर्णन येते. त्याचा उपयोग मॉक्सन अगदी नेमका सांगतो: जे लहान काम वरचेवर फिरवावे लागते, ते डाव्या हातातील शेगड्यात धरावे आणि एकेक बाजू वर आणीत उजव्या हाताने घासावे. रुंद जबड्याचा आणि चौकोनी नाकाचा असे दोन प्रकार तो देतो. दुसरा गोलसर वस्तूंसाठी, कारण त्याचे खांदे कानशीच्या आड येत नाहीत.

येथे धरण्याचे तत्त्वच बदललेले आहे. बाकाच्या शेगड्यात तुकडा अचल असतो व कानस हलते. हातशेगड्यात दोन्ही हलतात. घड्याळजीच्या पिन-व्हाइसमध्ये ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. पेन्सिलीएवढ्या दांड्याच्या तोंडाशी चिरलेली नळी असते, तीत पोलादी तार पकडायची, कडक लाकडाच्या ठोकळ्यावरील खाचेत ती टेकवायची, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दांडा फिरवीत कानस पुढे सारायची. तारेचे टोक गोल व निमुळते होते. लेथशिवाय केलेले हे कातकामच होय. अठराव्या शतकात इंग्लंडातील लँकेशायर परगणा अशा साधनांचे मोठे केंद्र होता. प्रेस्कॉटच्या परिसरात घड्याळाचे भाग घराघरांत घासले जात, वॉरिंग्टनच्या पीटर स्टब्ज याच्या कानशी नावाजलेल्या होत्या, आणि लिव्हरपूलच्या जॉन वाइक याने घड्याळजींच्या हत्यारांची सचित्र यादी छापून ती दूरदूर पोचवली.

झिलईच्या कामात तर घट्ट पकड हीच अडचण ठरते. घड्याळातील पोलादी भागाला जी सपाट ‘काळी झिलई’ देतात, ती एका कोनातून आरशासारखी लखलखते व दुसऱ्या कोनातून काळीभोर दिसते. पृष्ठभागाला किंचितही गोलाई आली की हा परिणाम नाहीसा होतो. माणसाचा हात तर नकळत झुलतो, आणि त्या झुलण्याने कडा खाली बसतात. यावर घड्याळजींनी दोन सुंदर उपाय शोधले. एकात तुकडा झुलत्या चौकटीवर बसवलेला असतो. कानस जशी कलते तशी चौकटही कलते, त्यामुळे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांस सर्वांगाने भिडलेले राहतात. दुसऱ्यात तीन पायांचे साधन असते: दोन पाय म्हणजे कमीजास्त करता येणारे स्क्रू, आणि तिसरा पाय म्हणजे झिलई द्यावयाचा तुकडाच. तीन बिंदू नेहमी एकाच प्रतलात असतात, हा भूमितीचा नियम येथे कामाला लावला आहे. हे साधन कथलाच्या पट्टीवर बारीक भुकटी लावून फिरवले की, हात कितीही झुलला तरी तुकडा सपाटच घासला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते धरण्याच्या साधनांच्या इतिहासातील सर्वांत बुद्धिमान कल्पना हीच आहे. पोलादी जबड्यांची ताकद तीत नाही. किती धरावे आणि किती सोडावे याचा विवेक आहे.

या साधनांवर तो चिमुकला तुकडा चिकटवलेला असतो कशाने? चपड्याने. चपडा म्हणजे शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपात आणलेली लाख. ती किंचित तापवली की मऊ होते, थंड झाली की कडक धरते, आणि काम संपल्यावर मद्यार्कात विरघळून तुकड्यावर ओरखडाही न ठेवता निघून जाते. लाखेचा कीटक पळस, कुसुम, बोर या झाडांवर वाढतो आणि छोटा नागपूरचा प्रदेश हे लाखेचे प्रमुख उत्पादनक्षेत्र आहे. रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधनाची संस्था १९२४ साली स्थापन झाली, ती याच कारणाने. सतराव्या शतकापासून लाख युरोपात जात होती. तिचा इतिहास रंग, रोगण आणि ग्रामोफोनच्या तबकड्या यांच्या संदर्भात सांगितला जातो. घड्याळजीच्या बाकावरील तिचे काम कोणाच्या ध्यानात येत नाही. मळसूत्री शेगडा पश्चिमेकडून येथे आला हे आपण ऐकतो. पण जेथे शेगडा हरला, तेथे त्याची जागा घेणारी पकड येथून तिकडे गेली होती.

आता भारतीय कारागिराकडे वळू. तो जमिनीवर बसतो, हे त्याच्याविषयीचे पहिले निरीक्षण प्रत्येक परदेशी प्रवाशाने केले आहे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १८६५ पासून दहा वर्षे अध्यापन करणाऱ्या जॉन लॉकवुड किपलिंग यांनी १८७० च्या सुमारास कारागिरांची जी रेखाचित्रे काढली, त्यांतील बैठकही हीच आहे. पायाचा अंगठा व बोटे, दोन तळवे, गुडघा यांचा पकडीसाठी होणारा उपयोग पाहून अनेकांना आश्चर्य वाटले. काहींनी त्यास दारिद्र्याचे लक्षण मानले. ज्यांच्या घरात विळी आहे, त्यांना मात्र यात नवल वाटू नये. विळीच्या पाटावर पाय ठेवला की पाते स्थिर होते आणि दोन्ही हात भाजी धरून ती पात्यावर नेण्यास मोकळे राहतात. धारेकडे वस्तू न्यावयाची, की वस्तूकडे धार, याबाबत आपल्या देशाची निवड स्वयंपाकघरातच झालेली आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पायाच्या पकडीचा गुण असा की, ती क्षणात सैल होते, क्षणात घट्ट होते, आणि धातूचा कंप त्वचेला कळतो. तिचा दोषही तितकाच उघड आहे. जाड लोखंडावर अंगाचा भार देऊन कानस चालवावयाची असेल, तर पाय पुरा पडत नाही. तापलेल्या तुकड्याला तर तो शिवूही शकत नाही. म्हणून बारीक कामात हा कारागीर लाखेकडे, राळेकडे किंवा मेणाकडे वळला. बिदरच्या बिदरी कामाचे उदाहरण घेता येईल. जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूचे ओतीव भांडे प्रथम कानशीने घासून गुळगुळीत करतात, मोरचुदाच्या पाण्याने त्यावर तात्पुरता काळेपणा आणतात, आणि मग ते दगडी बैठकीवर मेणाने किंवा लाखेने पक्के बसवून नक्षी कोरतात. चांदीची तार ठोकून बसवल्यावर पुन्हा घासकाम येते; शेवटी नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातील माती यांच्या लेपाने जमीन काळी होते व चांदी उजळून दिसते. पातळ, वक्र आणि ठिसूळ भांडे पोलादी जबड्यात आवळले तर त्याचे काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. येथे शेगडा नसणे ही उणीव नाही.

तथापि एकोणिसाव्या शतकात जी यंत्रे आली, त्यांचे भाग पायाने धरण्याजोगे नव्हते, हेही तितकेच खरे. १८६२ साली बिहारमध्ये जमालपूर येथे रेल्वेचा कारखाना सुरू झाला. ही जागा निवडण्यामागे शेजारच्या मुंगेरमधील लोहारांचे पिढीजात कसब हे एक कारण सांगितले जाते. मीर कासिमाने १७६० नंतरच्या दशकात राजधानी मुंगेरला नेली व तेथे शस्त्रागार उभारले. तेव्हापासून बंदुकीच्या चापांचे बारीक भाग घासणे हे तेथील कारागिरांचे काम झाले होते. रेल्वेच्या कारखान्यात या कारागिराला उभे राहावे लागले. फिटरच्या हस्तपुस्तिकांतील पहिला नियम असा असतो की, शेगड्याच्या जबड्याची वरची कड काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीवर हवी. एवढ्या एका नियमाने बैठक बदलली, पायाला पकडीतून निवृत्त करून केवळ भार सांभाळण्याचे काम दिले, आणि शेजारी शेजारी शेगडे मांडलेल्या लांब बाकावर मुकादमाला एका दृष्टिक्षेपात सर्वांचे काम दिसू लागले. शेगडा हे शिस्तीचेही साधन झाले. कारखान्यांच्या सामाजिक इतिहासात भोंगा व हजेरीपट यांच्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. त्यांच्या जोडीला शेगड्याची ही ठरीव उंचीही विचारात घ्यावयास हवी.

मात्र या शिस्तीला एक दुसरी बाजू होती, आणि ती हेन्री मॉडस्ले याच्या चरित्रातील एका प्रसंगातून चांगली कळते. सॅम्युएल स्माइल्स यांनी १८६३ साली तो नमूद केला आहे. वूलिचच्या शस्त्रागारात लहानपणापासून काम केलेला मॉडस्ले अठराव्या वर्षी, १७८९ साली, जोसेफ ब्रामा याच्या कुलुपांच्या कारखान्यात आला. इंग्लंडात १५६३ च्या कायद्याने सात वर्षांची उमेदवारी बंधनकारक केली होती. ते कलम १८१४ मध्ये रद्द झाले. मॉडस्लेने रीतसर उमेदवारी केलेली नसल्यामुळे इतर कामगार त्याला सामावून घेतील की नाही, ही शंका होती. तेथे एक झिजलेला, निकामी झालेला शेगडा पडला होता. संध्याकाळी सहाच्या आत हा नव्यासारखा करून दिला तर चालेल काय, असे त्याने विचारले. त्याने पोलादी जबडे नीट केले, त्यांवर दाते पाडले, त्यांना पाणी दिले, घासूनपुसून ते जागेवर बसवले, आणि वेळेच्या आधी काम पुरे केले. त्याला नोकरी मिळाली. ब्रामाचे जे कुलूप उघडण्याचे आव्हान १८५१ पर्यंत कोणालाही पेलले नाही, ते याच हातांनी घडवलेले होते. स्माइल्स यांना अशा कथांतून स्वावलंबनाचा उपदेश करावयाचा असतो, हे ध्यानात ठेवूनही प्रसंगाचा अर्थ बदलत नाही. कोणाचा पुत्र वा कोणाचा शिष्य, हे न विचारता काम पाहून माणूस घेण्याची शक्यता त्या जबड्यांमध्ये होती.

आपल्याकडे या शक्यतेला जातिव्यवस्थेचा संदर्भ आहे. लोखंड लोहाराने, सोने सोनाराने, तांबे तांबटाने धरावे, ही येथील वाटणी. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांपैकी कोणत्याही घरातले नव्हते. ते मुंबईस चित्रकला शिकावयास गेले, रंगांधळेपणामुळे ती सोडावी लागली, आणि यांत्रिक आरेखनाच्या बळावर ते १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बेळगावातील सायकल दुरुस्तीपासून लोखंडी नांगरापर्यंत आणि १९१० मधील किर्लोस्करवाडीपर्यंतचा त्यांचा प्रवास सर्वज्ञात आहे. त्यांच्यासारख्या ब्राह्मण तरुणाने हातात कानस घेणे ही त्या काळी लक्षणीय घटना होती. पण दुसऱ्या टोकाचा प्रश्न, म्हणजे ज्याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या कानस होती त्या लोहाराच्या मुलाला नव्या कारखान्यात आरेखनाचे टेबल मिळाले काय, हा फारसा विचारला गेलेला नाही. शेगडा सर्वांसाठी खुला झाला. त्याच्यापासून वर जाणारा जिना मात्र सर्वांना सारखाच खुला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे देशभर पसरले. फिटरच्या अभ्यासक्रमात आरंभीचे कितीतरी दिवस शेगड्याशी उभे राहून पोलादाचा तुकडा सपाट व काटकोनात घासण्यात जातात. या कामाचा कंटाळा येतो, तळव्याला फोड येतात, आणि गुण्यात धरून उजेडाकडे पाहिले की फट दिसतच राहते. संगणकचलित यंत्रांच्या काळात हा सराव कशासाठी, असा आक्षेप अधूनमधून घेतला जातो. शेगड्याच्या दातेरी जबड्याने तयार पृष्ठभाग खराब होऊ नये म्हणून मध्ये तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी ठेवावी, हे विद्यार्थी याच दिवसांत शिकतो, तेही बहुधा एकदा तुकडा खराब करूनच. आणि ज्या संगणकचलित यंत्रांचा दाखला दिला जातो, त्यांच्यावरही अतिशय पातळ तुकडा कापावयाचा असला की तंत्रज्ञ पोलादी जबडे बाजूला ठेवून तो मेणाने पट्टीवर चिकटवतात. बिदरच्या दगडी बैठकीवर भांडे अजूनही तसेच बसवले जाते.